दोन बोटांचा इंजिनियर

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. आ.

अक्षर बघून घाबरू नकोस. हे पत्र मी डाव्या हाताने लिहितो आहे. उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये आहे. न्हाणीघरात पाय घसरला, एवढंच झालं. पडलो तो हातावर, डोक्यावर नाही. पण हा फरक तुझ्या भाच्याच्या गळी उतरवणारा कोणी ओळखीत असेल तर पाठवून दे. फोनच केला असता, पण तुझ्या कानातलं ते यंत्र फोनजवळ नेलं की शिट्ट्या मारतं. मग मी सांगतो एक आणि तू ऐकतेस भलतंच.

झालं असं. वकीलसाहेबांचं पुस्तक मी टाईप करून देतो आहे हे तुला ठाऊक आहे. शेवटची प्रकरणं घरच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. हात अडकल्यामुळे कॉम्प्युटर उघडता येईना, म्हणून चिरंजीवांना बोलावलं. रविवारी आले, पाठीला पिशवी, डोळ्यांवर नवा चष्मा. पासवर्ड विचारला. मी सांगितला, नजर वर. आपल्या टायपिंग क्लासच्या भिंतीवर तेलरंगात लिहिलेलं होतं तेच. तुझ्यासाठी तर ते टेबलावर लिहायला हवं होतं, इतकी तू खाली बघायचीस.

चिरंजीव बसले आणि टाईप करू लागले. काय सांगू तुला! दोन बोटं! कोंबडी दाणे टिपते तसा एकेक अक्षर शोधून टिपतो. बापाने उभी हयात टायपिंग शिकवण्यात घालवली, आणि मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या खुर्चीवर बसून दोन बोटांनी जगतो. लहानपणी महिनाभर क्लासला बसला आणि कंटाळा येतो म्हणून पळाला, त्याची ही फळं. कॉम्प्युटर म्हणाला पासवर्ड चुकीचा. याने पुन्हा टिपला. पुन्हा चुकीचा. शेवटी कॉम्प्युटरने काही वेळ दारच बंद करून टाकलं. मला तर त्या यंत्राचं कौतुक वाटलं.

मग याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण तुटक्या खुर्चीकडे पाहतो, दुरुस्त करावी की टाकून द्यावी. अगदी मऊ आवाजात विचारलं, की बाबा, आज वार कोणता? मी म्हटलं, गाढवं घरी येतात तो वार. सूनबाईने त्याच्याकडे पाहिलं, त्याने सूनबाईकडे पाहिलं, आणि माझ्या बुद्धीचा निकाल लागला.

आता त्यांचं म्हणणं, मी एकट्याने राहू नये. हे घर भाड्याने द्यायचं आणि मी त्यांच्याकडे जायचं. जी खोली मला देणार आहेत तिथे चालायचं एक यंत्र आहे. त्यावर कोणी चालत नाही, कपडे वाळत घालतात. मीही तिथे वाळत पडायचं.

मी पासवर्ड बरोबर सांगितला आहे. एवढं एक माणूस तरी मानेल म्हणून तुला लिहिलं.

तुझी माया पूर्वीइतकीच असू दे, अक्कल थोडी वाढव.
तुझा,
दादा

---

ता. ८ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र तुला पोचलं असणार, आणि त्यात मी गाढव असणार. त्यामुळे दुसरी बाजूही कळावी म्हणून लिहितो.

बाबांचा कॉम्प्युटर मीच घेऊन दिला. त्यांचं एक खातं आणि माझं एक, अशी दोन खाती केली, म्हणजे काही बिघडलं तर मला माझ्या खात्यातून नीट करता यावं. माझ्या खात्यापुढे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असं आलं. ते बाबांना झोंबलं. माझ्या घरात, माझ्या टेबलावर हा कोण कारभारी, असं म्हणून त्यांनी गेल्या वर्षी माझं खातंच उडवून दिलं. कसं उडवलं देव जाणे. स्वतःला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करून घेतलं आणि मला फोन करून तसं कळवलं, वर हसले. आता त्यांच्या खात्याला कुलूप, आणि दुसरी चावी होती तीही त्यांनीच विहिरीत टाकलेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पासवर्ड विसरल्यास तीन प्रश्न येतात, तेही केलं. पहिली शाळा कोणती, लहानपणचं टोपणनाव काय, असे साधे प्रश्न. बाबा म्हणाले, तिन्हींचं उत्तर मी ‘नसत्या चौकशा’ असं एकच दिलं आहे. तेही टाकून पाहिलं, तेही चूक. सगळं पुसून नवं करता येईल, पण वकीलसाहेबांची प्रकरणं जातील.

आणि नजर वर हा पासवर्ड असूच शकत नाही, आत्या. त्या पडद्यावर मराठी अक्षरं उमटतच नाहीत, फक्त इंग्रजी. मी इंग्रजी अक्षरांत जेवढ्या तऱ्हांनी लिहिता येईल तेवढ्या तऱ्हांनी लिहून पाहिलं. बाबा मात्र एकच धरून बसले आहेत, की मी रोज मराठीत टाईप करतो आणि ते रोज उघडतं. जे घडूच शकत नाही ते रोज घडतं असं जो माणूस सांगतो, त्याला काय म्हणायचं? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, एवढंच माझ्या मनात येतं.

एक गोष्ट त्यांनी तुला लिहिली नसेल. न्हाणीघरात पडले ते तिथेच पडून राहिले. दूधवाल्याला बाटल्या दारातच दिसल्या म्हणून त्याने शेजाऱ्यांना उठवलं. मी पोचलो तेव्हा त्यांनी मला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की तुझ्या शर्टाचं बटण चुकलं आहे. मला भीती वाटते, आत्या. तोंडावर सांगितलं तर चेष्टा करतील, म्हणून तुला सांगतो.

तर मी एक अट घातली आणि त्यांनी तोऱ्यात मान्य केली. प्लॅस्टर निघेल त्या दिवसापर्यंत त्यांच्या पासवर्डने कॉम्प्युटर उघडला, तर घर सोडायची गोष्ट मी पुन्हा काढणार नाही. नाही उघडला, तर ते आमच्याकडे येतील. भाडेकरू तयार आहे, दातांचा डॉक्टर आहे. आता पालथ्या घड्यावर पाणी घालायचं तेवढं मी घातलं. तू त्यांना समजावून लिही.

तुझा आशीर्वाद मलाही थोडा मिळावा.
तुझा,
भाचा

---

ता. १२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुमची दोघांची पत्रं आली. शेजारी शेजारी ठेवून वाचली. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. तू त्याला गाढव म्हणतोस, तो तुला म्हातारा झालास म्हणतो, आणि दोघांनाही वाटतं आपल्याएवढा शहाणा त्रिभुवनात नाही. तू पडून राहिला होतास हे मला का कळवलं नाहीस? बहिणीला काय फक्त तोंडसुख घ्यायला पत्र लिहितोस?

आणि त्याचं खातं उडवण्याची काय गरज होती? पोराने कॉम्प्युटर घेऊन दिला, बसवून दिला, वर तूच त्याला दाराबाहेर काढलंस. आता अडल्यावर त्यालाच बोलावलंस. नाक वर ठेवायचं आणि शिंक आली की दुसऱ्याचा रुमाल मागायचा, ही तुझी जुनी रीत.

बरं, रागावून झालं. आता मला एक सांग. तू तो पासवर्ड टाईप करतोस तेव्हा कुठल्या अक्षराला कुठलं बोट मारतोस? नीट आठवून लिही. आणि डाव्या हाताने मारून का नाही बघितलंस, तेही सांग. उगीच विचारत नाही.

हात जपून ठेव, जिभेलाही थोडी विश्रांती दे. आमच्यावरची माया मात्र चालू राहो.
तुझी,
ठमी

---

ता. १७ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. आ.

कुठलं बोट म्हणून तू मला विचारतेस? तुझ्या बोटांवर पट्टी मारून मारून मी जे शिकवलं तेच बोट. न आणि र उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचे, एक वरच्या ओळीत, एक मधल्या. व त्याच हाताच्या अनामिकेचा. ज तेवढा डाव्या हाताचा. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाही. म्हणजे पाचापैकी चार ठोके उजव्याचे, आणि उजवा प्लॅस्टरमध्ये झोपलेला. डाव्याने मारून बघितलं. डाव्याला उजव्याचं काहीच ठाऊक नाही. मला वाटायचं अक्षरं कुठे आहेत ते मला माहीत आहे. मला नाही, बोटांना माहीत आहे. खाली बघून शोधायला गेलो तर बटणांवर सगळी इंग्रजी अक्षरं. त्यांच्याकडे मी आजवर ढुंकून पाहिलं नव्हतं, आता पाहून काय उपयोग?

काल तो दातांचा डॉक्टर येऊन गेला. बरोबर बायको होती. मी खुर्चीत बसलो असताना माझ्या डोक्यावरून फीत टाकून खिडक्यांची मापं घेतली. पडदे कुठले लावायचे ते ठरवलं. एकदा तर फितीचं टोक मला धरायला दिलं. मी धरलं, ठमे. स्वतःचं घर दुसऱ्याला मोजून द्यायला मी फीत धरली. नंतर त्या माणसाने माझ्या दातांकडे पाहून सांगितलं, की वरची कवळी सैल झाली आहे. मी म्हटलं, ती चावायला पुरेशी घट्ट आहे.

गंमत सोड. रात्रंदिवस एकच विचार येतो, की खरंच माझंच चुकत असेल तर? असा विचार मला आयुष्यात कधी आला नव्हता. तो आला, याचाच मला जास्त राग येतो. पुढच्या शनिवारी प्लॅस्टर कापणार.

तुझ्या दादाचं एवढं मन राख, हे पत्र कोणाला दाखवू नकोस.
तुझा,
दादा

---

ता. २१ फेब्रुवारी

चि. भाच्यास,
अ. आ.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. हे वाक्य आधी लिहून घेते, म्हणजे माझं मन मोकळं होईल. कंपनीत म्हणे तुझ्या हाताखाली खंडीभर माणसं आहेत. बिचारी.

तुझ्या बाबांच्या पलंगाखाली मराठी टाईपरायटर आहे, क्लासमधला. त्यावर आम्ही सगळे शिकलो. बटणांवर कापड टाकलेलं असायचं, कापडाखाली हात घालून टाईप करायचं, आणि डोळे भिंतीवर. जो खाली बघेल त्याच्या बोटांवर पट्टी. तू महिनाभरात पळालास, म्हणून तुझ्या डोक्यात हे आलं नाही. तुझे बाबा कॉम्प्युटरवर बसतात तेव्हा त्यांची बोटं त्या टाईपरायटरवर असतात. पुढे बटण इंग्रजी आहे की मराठी, हे ते बघतच नाहीत. पासवर्डच्या जागी तर नुसते काळे ठिपके उमटतात. त्यामुळे आपण मराठी लिहिलं की इंग्रजी, हे त्यांना कळणार तरी कसं? आत गेल्यावर मराठी उमटावं म्हणून तो टाईपरायटरसारखा मराठी कीबोर्ड कॉम्प्युटरमध्ये तूच बसवून दिला होतास ना? पण दारावर तो नसतो, हे तुझंच म्हणणं. मग दारावर त्यांची बोटं मराठी मारतात आणि यंत्राला ऐकू जातं इंग्रजी. पहिल्या दिवसापासून असंच चाललं असणार.

आता कर असं. टाईपरायटर ओढून बाहेर काढ, कॉम्प्युटरशेजारी ठेव. टाईपरायटरवर न कुठे आहे ते बघ, आणि कॉम्प्युटरवर त्याच जागेवरचं बटण दाब, त्यावर काही का लिहिलेलं असेना. मग ज, र, व आणि पुन्हा र. खाली बघूनच कर, तुला तेवढंच येतं.

ते पहिल्या दिवसापासून खरं बोलत होते आणि तू त्यांना वार विचारत होतास. तेही काही कमी नाहीत. यंत्रात काय उमटतं ते एकदाही न बघता ते ठामपणे मराठी मराठी म्हणत राहिले. बाप तसा बेटा, दुसरं काय.

हे मी त्यांना कळवलेलं नाही, तुलाच कळवते आहे. का, ते तुझं तू समज.

सूनबाईला आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ कमी झालेला नाही, पण हे पत्र लिहिताना तो शोधावा लागला.
तुझी,
आत्या

---

ता. २५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांना फिरायला पाठवलं आणि पलंगाखालून ते धूड बाहेर काढलं. कंबर धरली. कापड काढलं आणि तू सांगितलंस तसं एकेक बटण दाबलं. निघाली ती शेंडा ना बुडखा अशी पाच इंग्रजी अक्षरं, आणि कॉम्प्युटर मुकाट्याने उघडला. आत वकीलसाहेबांची प्रकरणं होती. एकही चूक नाही त्यांत, आत्या. मी मुद्दाम शोधली.

त्यांचं बोलणं मी कंपनीतल्या मित्रांना सांगून हसलो होतो. कसं तोंड दाखवू असं झालं. मग दुसरा विचार आला, तोही तुला सांगून टाकतो. हे फक्त मला आणि तुला माहीत आहे. मी गप्प बसलो तर शनिवारी अट मी जिंकतो. ते माझ्या डोळ्यांसमोर राहतील, पुन्हा पडले तर दूधवाल्याची वाट बघावी लागणार नाही. दातांच्या डॉक्टरने आगाऊ भाडंही देऊ केलं आहे. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, असं जिंकून आणलेला माणूस आपल्या घरात जेवेल तरी का? मी तिच्यावर चिडलो, कारण तिचं बरोबर होतं.

कॉम्प्युटर बंद केला, टाईपरायटर होता तसा ढकलून दिला. काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. मी उघडला म्हणून सांगितलं, तर जन्मभर ऐकवतील की उघडायला तुला टाईपरायटर लागला. नाही सांगितलं, तर मलाच ऐकू येत राहील.

बाबांचं मन हल्ली खचलं आहे. काल त्यांनी मला विचारलं, की आज वार कोणता. चेष्टेने नव्हे, खरंच विचारलं.

तुझा हात डोक्यावर असावा.
तुझा,
भाचा

---

ता. २ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

बघ, उजव्या हाताचं अक्षर. कोंबडीचे पाय असले तरी उजवे आहेत.

शनिवारी प्लॅस्टर कापलं. आतून जो हात निघाला तो माझा नव्हताच, कोणा उपाशी माणसाचा होता. घरी आलो तर दातवाला आणि त्याची बायको पडद्यांचं कापड घेऊनच हजर. चिरंजीव कॉम्प्युटरपाशी. अशा हाताने टाईप होणं शक्य नाही असं धरून मी तयार होतो. तो विचारेल, मी सांगेन, तो दोन बोटांनी टिपेल, यंत्र नाही म्हणेल, आणि मी कपडे वाळवायच्या खोलीत जाईन.

पण तो खुर्चीवरून उठला. म्हणाला, तुम्ही स्वतः बसा. मी म्हटलं, अटीत असं नव्हतं. तो म्हणाला, अट माझी आहे, मी बदलीन. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर ना!

बसलो. हात ठेवले. बोटं आखडलेली होती. पहिल्यांदा मारलं आणि यंत्र म्हणालं चूक. दातवाल्याची बायको हळूच कापड उलगडायला लागली. माझा धीर सुटला, ठमे. आणि मग मी ते केलं जे कधी केलं नव्हतं. मी खाली बघितलं, बटणांकडे, तुझ्यासारखा. ती इंग्रजी अक्षरं माझ्याकडे बघत होती आणि मला एकही ओळखता येईना. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात मागून त्याने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, की बाबा, खाली बघू नका. टाईपरायटर आहे असं समजा.

मी भिंतीकडे बघितलं. बोटं आपापली गेली. उघडला.

दातवाल्याला चिरंजीवांनी दारापर्यंत पोचवलं, पडद्यांच्या कापडासकट. घर सोडायची गोष्ट पुन्हा निघणार नाही असं सूनबाईसमोर कबूल केलं. न्हाणीघरात धरायला दांडी बसवायचा माणूस येतो आहे. त्याला मी नको म्हटलं, मग हो म्हटलं. यंत्राला दारावर इंग्रजीच ऐकू जातं, असं चिरंजीवांनी मला समजावलं. असेल. मी बघायला गेलो नव्हतो. त्याचं खातंही पुन्हा करून दिलं आहे. त्यापुढे काय लिहिलेलं येतं तिकडे मी लक्ष देत नाही.

आता मुद्द्याचं. टाईपरायटर समजा, हे त्याला कसं सुचलं? हा माणूस तर महिनाभरात पळाला होता. संध्याकाळी मी पलंगाखाली वाकून बघितलं. टाईपरायटरवरचं कापड उलटं घातलेलं होतं, शिवण वर. क्लासमध्ये शिवण वर आलेली मी कोणाला चालू दिली नव्हती. म्हणजे त्याने आधीच टाईपरायटर बाहेर काढून, बटणं बघून, कॉम्प्युटर उघडून पाहिला होता. अट जिंकणं त्याच्या हातात होतं, आणि त्याने मला बसू दिलं.

मला कळलं आहे हे त्याला कळवू नकोस. तुझा यात हात आहे हेही मला कळलं आहे. तेही कोणाला सांगू नकोस. कापड मी तसंच उलटं ठेवलं आहे.

पुढच्या रविवारी चिरंजीव येणार आहेत. म्हणतात, टायपिंग पहिल्या धड्यापासून शिकवा. या वयात! मी सांगून टाकलं, दहा बोटांची फी पडेल. पट्टी शोधून ठेवली आहे.

इकडे येऊन जा. लोभ आहेच, तो पत्रात लिहायला हात अजून पुरत नाही.
तुझा,
दादा